हातावरचं विष आणि भाचीचं उष्टावण

६ मे १९९८, बुधवार. जवळा बाजारातलं माझं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान त्या दिवशी मालासकट एक लाख बावीस हजार रुपयांना विकलं. हजर चौघं होतो: मी, माझी बायको सुमन, दुकान घेणारे गणपतराव आणि माझ्या धाकट्या बहिणीचे मालक विठ्ठलराव, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो. चालू दुकान होतं. थोडं थांबलो असतो तर दीड लाख सहज आले असते, हे गणपतरावांनाही ठाऊक होतं. पण घाई मला होती, त्यांना नव्हती.

किल्ली मी टेबलावर ठेवली. त्यांच्या हातात दिली नाही. गणपतरावांना ते खटकलं. दाजींनी हसून वेळ मारून नेली. "घ्या गणपतराव, आमचे भाऊ आता मोकळे झाले." सुमन खाली बघत बसली होती. कारण फक्त तिला माहीत होतं. माझ्या हाताला विष लागलेलं आहे आणि ते ज्याच्या पोटात जाईल तो मरेल, असं मला तेव्हा आठ-नऊ महिन्यांपासून वाटत होतं. किल्ली गणपतरावांच्या हातात दिली असती, तर त्यांच्या नातवंडांपर्यंत माझा विचार गेला असता.

दुकान गेलं की आजार जाईल, हा आम्हा दोघांचा हिशोब होता. तो चुकला. कसा चुकला ते लिहितो. ज्याच्या घरात कुणी सारखे हात धुतं, कडी तपासतं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं, आणि घरचे वैतागून म्हणतात की नाटक आहे, त्याच्यासाठी हे लिहिणं आहे. नाटक नसतं.

बैल

१९९७ च्या खरिपात सिद्धेश्वरकडच्या एका गावातला जुना गिऱ्हाईक दुकानात आला. बाकड्यावर बसला, तंबाखू मळली आणि सहज सांगितलं, "शेठ, तुमच्याकून औषध नेलं होतं न्हाई का कापसाला? पंप धुतलेलं पाणी घमेल्यात राहिलं. बैलानं तोंड घातलं. दुपारपर्यंत गेला."

मी म्हणालो, "अरेरे."

"तुमचा काय दोष त्यात. माझंच ध्यान न्हाई राहिलं." तो युरियाची गोणी घेऊन गेला.

दहा वर्षं मी त्या दुकानात बसत होतो. मागे औषधांचे डबे आणि पुढे माझा जेवणाचा डबा, असंच चालायचं. कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी तो गेल्यावर मी माझ्या हातांकडे बघितलं आणि उठून हात धुतले. घरी जाऊन परत धुतले. जेवायला बसताना परत. पंधरा दिवसांत साबणाच्या वड्या किराणावाल्याच्या लक्षात येण्याइतक्या लागू लागल्या. अंगठीखाली विष साचत असेल म्हणून लग्नातली अंगठी काढून पेटीत टाकली. हातांची सालं निघाली, बोटांच्या सांध्यांवर चिरा पडल्या. मग चिरांतून विष आत जाईल, अशी नवी भीती आली.

तरी हात धुणं हा लोकांना दिसणारा भाग होता. न दिसणारा भाग वाईट होता. घरात पिठाच्या डब्याजवळून जाताना मनात यायचं: आत्ता यात टाकलं तर? मुलगी पाणी प्यायला तांब्या उचलायची, आणि मला वाटायचं, आपणच तर काही टाकलं नाही ना, आणि विसरलो? रागात कधी येत नसे हा विचार. लेकरू हसत असताना यायचा, जेवताना यायचा. ज्यांच्यावर जीव होता त्यांच्याबद्दलच यायचा. माझ्या आत कुणीतरी दुसरा बसला आहे आणि तो संधी बघतो आहे, असं वाटायचं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, सुमनलाही नाही.

सुमनचा पहिला घास

सुमन चौथी शिकलेली, पण घरातलं कुणाचं काय दुखतं ते तिला न सांगता कळायचं. मी जेवत नाही हे बघून तिनेच तोड काढली. प्रत्येक पदार्थाचा पहिला घास ती खायची, थोडा वेळ थांबायची, मग मुलीला वाढायची, मग मला.

"खाल्लं मी. बघा. काय झालं न्हाई."

"बराबर बघितलं?"

"बराबर बघितलं."

"पाणी पण?"

"पाणी पण प्याले."

हे तीनदा म्हणवून घेतल्याशिवाय माझा घास उतरत नसे. पुढे तीनदाही पुरेना. आमची मुलगी शोभा तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला या सगळ्याचा कंटाळा आला होता. शाळेला जाताना दप्तर खांद्याला लावून म्हणायची, "बाबा, मेले न्हाई मी अजून. उद्या सकाळी परत बघा." सुमन तिला रागवायची. मला मात्र ते ऐकून दिवसभराचा आधार मिळायचा, ही खरी गोष्ट आहे.

सुमनने हे मायेपोटी केलं, पण त्यानेच आजार पोसला गेला. हे आम्हाला तीन वर्षांनी कळलं.

दुकान विकल्यावर तीन आठवडे बरे गेले. मी सुमनला म्हणालो, गेलं ते. मग घरात ज्वारीची पोती आली. टेम्पोवाल्याने आदल्या दिवशी त्याच टेम्पोतून गणपतरावांचा माल आणला होता. ते मला कळलं, आणि मी सगळी पोती गोठ्यात नेऊन टाकायला लावली. दुकानात असलेली भीती आता स्वयंपाकघरात राहायला आली.

परभणी

भावकीतल्या लोकांनी बाहेरचं आहे म्हणून एका ठिकाणी नेलं. तिथे मनगटाला दोरा बांधला. दोरा पिठाला लागेल म्हणून मी कोपरापर्यंत बाही ओढून फिरू लागलो. मग डिसेंबर १९९८ मध्ये दाजींनी हट्टाने परभणीच्या मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून बसलो होतो.

डॉक्टरांनी बराच वेळ हातांकडे बघितलं. मग कागदावरून मान वर न करता विचारलं, "घरच्यांना विष घालाल, असा विचार येतो का? नको असताना?"

मी म्हणालो, "बायकोला बाहेर बसवा."

"बसू द्या त्यांना."

मी हो म्हणालो. कुठे, कधी, कुणाबद्दल, सगळं सांगितलं. सुमन उठली नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हणून तुमी चुलीजवळ येत न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी सांगितलं की याला मंत्रचळ म्हणतात. या आजारातल्या माणसाला ज्या गोष्टीची सगळ्यांत जास्त किळस आणि भीती असते, तिचाच विचार येतो, आणि नेमकी तीच गोष्ट तो करत नाही. सुमन म्हणाली, "आमच्या आजीला पण होता. सोवळ्याचा. ती लाकडं पण धुवायची." डॉक्टर हसले. मला वाटलं, सुटलो.

पण परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीशी बसली आणि तिने पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीतल्या देवळीकडे बघितलं. तिथे उंदरांच्या औषधाची पुडी असायची. ती नव्हती. मी मोकळ्या देवळीकडे बघत उभा राहिलो आणि मला वाटलं, हिलाही तसंच वाटतं. आजार कळल्याच्या दिवसाबद्दल लोक विचारतात, तेव्हा मला डॉक्टर आठवत नाहीत. ती मोकळी देवळी आठवते.

गोळ्या आणि सर

गोळ्यांना काम करायला दीड-दोन महिने लागले. तोंड कोरडं पडायचं, झोप यायची. पण विचारांची धार कमी झाली. आधी विचार आला की गळा धरायचा, आता दार वाजवायचा. दार उघडण्याचं काम मात्र मी करतच होतो. गोळ्यांनी केलेली तयारी नसती तर पुढचं काहीच जमलं नसतं, म्हणून गोळ्यांना नावं ठेवणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

डॉक्टरांनी त्यांच्याच इमारतीत बसणाऱ्या एका वयस्कर समुपदेशकांकडे पाठवलं. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांची पद्धत बोलतं करण्याची होती. मागचं, लहानपणचं, आईबापाचं. १९९९ भर मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जात होतो. त्या साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला, लोक बसमध्ये त्याच गप्पा मारायचे, आणि मी खिडकीतून बघत सरांना आज काय सांगायचं ते जुळवत असायचो.

सरांकडे एक गोष्ट वर आली. मी आठ वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ हगवणीने गेला. आदल्या दिवशी मी त्याला बाजारातून बोरं आणून दिली होती. आई बोरांबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. मी चाळिशी ओलांडल्यावर सरांसमोर त्यासाठी पहिल्यांदा रडलो. सरांनी पाणी दिलं. म्हणाले, "आठ वर्षांच्या पोराला तुम्ही अजून सोडलेलं नाही." ते खरं होतं. त्या दिवसापासून भावाची आठवण येते तेव्हा नुसतं वाईट वाटतं, तो माझ्यामुळे गेला असं पूर्वीसारखं वाटत नाही. पण घरी गेलो आणि हात धुतले. मूळ सापडलं म्हणून फांदी वाळली नाही.

म्हणून ती पद्धत वाया असते असं नाही. बाहेरच्या बाकावर औंढ्याजवळच्या तांड्यावरच्या धुरपताबाई भेटायच्या. त्यांचा नवरा वीज पडून गेला होता आणि त्यानंतर सहा महिने त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. सरांनी त्यांना बोलतं केलं होतं, आणि आता त्या थांबत नव्हत्या.

"किती डाव हात धुतो रं तू?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"एवढं पाणी माझ्या वांग्याला दिलं असतं तर बाजार केला असता म्या." मग पदर सारखा करून म्हणाल्या, "सरनं माझं आतलं बाहेर काढलं. तुझं आत न्हाईच काही, सगळं हातावरच हाय. तुला दुसरा मानूस पायजे."

सरांनी वर्षअखेरीस हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. माझ्याकडे जे आहे ते तुम्हाला पुरत नाही, असं म्हणणारा माणूस मी सरांच्या आधी बघितला नव्हता. त्यांनी नांदेडच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या नावे चिठ्ठी दिली.

लता

चिठ्ठी घेऊन मी चार महिने गेलोच नाही. जायला भाग पाडलं ते बहिणीने. लता, दाजींची बायको, नरसीला दिलेली. लग्नाला दहा वर्षं झाली होती, दोनदा पोटातलं गेलं होतं. फेब्रुवारी २००० मध्ये तिला मुलगी झाली. मी बाळाला बघायला गेलो तो उंबऱ्यापाशी उभा राहून परत आलो. मांडीवर घेतलं नाही. टोपरं-झबलंही सुमनच्या हाताने दिलं.

आमच्याकडे लेकराच्या तोंडात अन्नाचा पहिला घास मामा घालतो. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. लताला सख्खा भाऊ मी एकटा. तिने मे महिन्यातच येऊन सांगितलं.

"सातव्यात करायचं हाय दादा. तुझ्या हातानं."

"चुलतभावाला बोलव. तो पण मामाच."

"काहून? तू मेला का?"

सुमन म्हणाली, "वन्सं, त्यांची तकलीफ माहीत हाय ना तुमाला."

"माहीत हाय, वैनी. म्हणून आत्ताच सांगून राहिले. तयारी करायला टाईम हाय." मग माझ्याकडे वळून ती हळू म्हणाली, "तुझ्या हाताला काही असतं तर मी माझं लेकरू तुझ्याम्होरं आणलं असतं का? तू न्हाई आला तर दुसऱ्या कुणाचा घास मी तिला लागू देणार न्हाई. मग राहू दे तिला दुधावर."

ती तसं करणारी बाई होती. मी पुढच्या आठवड्यात नांदेडची बस धरली.

नांदेड

मॅडम वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. आजार का झाला हे त्यांनी विचारलंच नाही. भीती आली की काय करता, त्यानंतर काय करता, घरचे काय करतात, एवढंच विचारलं. सुमनच्या पहिल्या घासाचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

आधी त्यांनी विचार तपासण्याची पद्धत करून बघितली. सीलबंद डब्यातलं औषध, कागदातून, हातातून, पिठापर्यंत जाण्याची शक्यता किती? मला आकड्यांची आवड. मी घरून तीन पानं हिशोब करून नेला. पुढच्या वेळी सुधारलेला हिशोब नेला. तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "रोज करता हा हिशोब?"

"सकाळ-संध्याकाळ. जमला की बरं वाटतं."

"आणि मग?"

"मग परत शंका येते. परत करतो."

"भाऊसाहेब, हे हात धुणंच आहे. फक्त डोक्यातलं." त्यांनी सांगितलं की हीच पद्धत परीक्षेला घाबरणाऱ्या एका मुलीला महिन्यात कामी आली होती. माझ्या आजाराने मात्र तिचाही साबण करून टाकला. कागद त्यांनी ठेवून घेतले आणि शिडी आखली. सगळ्यांत खालची पायरी: गणपतरावांच्या दुकानासमोरून चालत जाणं. त्यावर: बाकड्यावर बसून चहा पिणं. त्यावर: स्वतः पीठ मळणं. प्रत्येक पायरीवर एक नियम. भीती आली तर येऊ द्यायची, पण धुवायचं नाही आणि कुणाला विचारायचं नाही. भीती चढते आणि काही न करता आपोआप उतरते, हे अंगाने शिकायचं.

सगळ्यांत अवघड काम त्यांनी सुमनला दिलं. मी काहीही विचारलं तरी तिने एकच उत्तर द्यायचं: मला माहीत न्हाई.

सुमन म्हणाली, "मॅडम, इतकं सांगते तर यांचा जीव असा होतो. न्हाई सांगितलं तर?"

"तर तो तसाच होईल. आणि मग भीती उतरेल. तुम्ही सांगता म्हणून ती आपोआप उतरायला शिकत नाही."

पहिला दिवस मला तासातासाने आठवतो.

"शोभाच्या भाकरीला माझा हात लागला का?"

"मला माहीत न्हाई."

"तू बघितलं का पण?"

"बघितलं असंल, नसंल."

"खरं सांग."

"मला माहीत न्हाई."

मी घरभर तिच्या मागे फिरलो. ती परसात गेली, मी गेलो. तिचे शब्द तेच. शोभाला हा खेळ फार आवडला. "असंल बाबा विष, काय सांगता येतंय," म्हणून तिने माझ्यासमोर भाकरी मोडून खाल्ली. मी बाहेरच्या ओट्यावर बसून राहिलो. आता आतून किंकाळी येईल म्हणून ऐकत राहिलो. दुधाचा माणूस येऊन गेला. जनावरं परत आली. आणि कुणीही काही न सांगता ती भीती ओसरली. हात न धुता, कुणाला न विचारता, तीन वर्षांत पहिल्यांदा.

पावसाळ्यात मला वाटलं आता बरं आहे, आणि मी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात परत घसरलो, आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. भाचीचा सातवा महिना त्यात गेला. लताने निरोप धाडला, "नवव्यात करू." तिची सासू आणि हिंगोलीचा डॉक्टर दोघंही तिला रागवत होते, लेकरू दुधावर सुकून राहिलं म्हणून. ते माझ्या हातामुळे सुकत होतं.

ऑक्टोबरमध्ये वरची एक पायरी आली. मॅडमनी सुमनला विचारलं, देवळीतली पुडी कुठे आहे? ती गेल्याचं मी मॅडमना सांगितलं होतं, सुमनला कधी विचारलं नव्हतं. सुमन म्हणाली, "मी फेकली होती." डॉक्टर आणि मॅडम या दोघांनी बोलून, मला पूर्ण तपासून पुडी परत देवळीत ठेवण्याची ही पायरी ठरवली होती. कुणी वाचून घरी स्वतःच्या मनाने करू नये. घरी आल्यावर सुमनने बाजारातून नवी पुडी आणली आणि माझ्यासमोर, स्टुलावर चढून, स्वतःच्या हाताने देवळीत ठेवली. खाली उतरून ती मला म्हणाली, "चहा ठेवा आज तुमी." आणि अंगणात जाऊन तांदूळ निवडत बसली. मी चहा ठेवला. तो तिने घेतला. माझ्याकडे न बघता घेतला.

नरसी

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी उष्टावण ठरलं. मॅडमचे नियम साधे होते. सगळे धुतात तसे हात एकदा धुवायचे. घास घालायचा. जेवून निघायचं. मुक्काम करायचा नाही, लेकरू झोपल्यावर श्वास बघत बसायचं नाही. पुढच्या भेटीपर्यंत लेकरू कसं आहे हे कुणालाही विचारायचं नाही, कुणाला विचारायला लावायचंही नाही.

पेटीतली अंगठी काढली. बोटं बारीक झाली होती, ती घसरत होती. सुमनने आतून दोरा गुंडाळून दिला.

लताच्या अंगणात पाट, भोवती रांगोळी, चांदीच्या वाटीत तांदळाची खीर. लताच्या सासूबाई तांब्या घेऊन माझ्या हातावर पाणी घालायला आल्या. पाहुण्याचा मान होता तो. मी हात चोळले आणि मागे घेतले.

"अजून घ्या ना, भाऊ. पाणी लई हाय."

"बास, मावशी."

सुमन चौकटीला धरून उभी होती. लताने लेकरू मांडीवर घेतलं. हलकं होतं ते, नवव्या महिन्याच्या मानाने. मान वळवून अंगठीकडे बघत होतं.

दाजी माझ्या शेजारी वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "भाऊ, मी आधी चाखू का? तुमच्या मनाला बरं वाटंल."

यापेक्षा गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलं नसेल. एक चमचा त्यांनी खाल्ला असता, मी थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं, आणि सगळं सोपं झालं असतं. माझी जीभ 'हो' म्हणायला उचलली गेली होती.

"नको दाजी."

"काहून?"

"नको."

मागून शोभा म्हणाली, "बाबा, खीर थंड होऊन राहिली."

मी अंगठीचं बोट खिरीत बुडवलं आणि लेकराच्या ओठाला लावलं. त्याने आधी तोंड वाकडं केलं. मग बोट धरलं, दोन्ही मुठींनी, आणि दोन नव्या दातांनी चावलं. दोरा त्याच्या तोंडात गेला असेल का, असा विचार आला. तो तसाच राहू दिला. दुसरा घास घातला. तिसरा घातला.

लता म्हणाली, "बघ, सोडून न्हाई राहिली मामाला." ती रडत होती.

आम्ही जेवलो आणि निघालो. सासूबाईंना मुक्काम न केल्याचा राग आला. त्यांना सांगता येण्यासारखं कारण नव्हतं. आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत लेकरू झोळीत झोपलं होतं. मी मागे वळून बघितलं नाही. पण मला ती झोळी दिसत होती, आणि ती हलत नव्हती. हिंगोलीच्या स्टँडवर एसटीडीचं बूथ होतं. औंढ्यालाही होतं. दाजींच्या शेजाऱ्याचा नंबर मला पाठ होता. सुमनने दोन्ही ठिकाणी माझा हात धरला नाही, फक्त सुटे पैसे तिच्याकडे ठेवले.

त्यानंतर नरसीहून कुणी आलं नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. बाजारात तिकडची माणसं दिसली की मी त्यांचे चेहरे बघायचो आणि वाट बदलायचो. एकाने लांबून हात केला. तो नुसता रामराम होता की जवळ ये म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. सुमनलाही नियम होता, म्हणून तीही गप्प. पण तिच्या ताटात भाकरी राहू लागली होती, हे मी बघत होतो. भीती चढायची आणि उतरायची. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी उतरणार नाही.

गुरुवारी नांदेडला गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. हात बघितले. चिरा बुजत आल्या होत्या. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि लेकरू कसं आहे?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"विचारलं नाही?"

"नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "आता गरज वाटली तरच या."

त्या दिवशीची फी ऐंशी रुपये होती. मी शंभराची नोट काढली आणि टेबलावर न ठेवता मॅडमच्या हातात दिली. वीस रुपये त्यांनी माझ्या हातात परत दिले.